मुलांच्या मनातील दंतवैद्याची भीती : घर, शाळा आणि पंचायत यांचे कर्तव्य



बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नीरा डाव्या कालव्याच्या परिसरात वसलेले अंथुर्णे हे उसाच्या पट्ट्यातील गाव. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेने पंढरपुरास जाते. एकीकडे भवानीनगरचा सहकारी साखर कारखाना, दुसरीकडे वालचंदनगरची औद्योगिक वसाहत आणि चहूबाजूंस उसाचे मळे, असा हा मुलूख. गाळपाचा हंगाम सुरू झाला की येथील मुलांच्या हाती उसाचे कांडे येते. एरवी चहात बुडविलेले बिस्कीट आणि दुकानातील गोळ्या आहेतच. गोडाची गोडी आणि दातांची कीड यांचे नाते सर्वांस ठाऊक आहे. तथापि येथे विचार करावयाचा आहे तो किडीचा नव्हे, तर त्या किडीवर उपचार करून घेण्याची वेळ येते तेव्हा मुलाच्या मनात उभ्या राहणाऱ्या भीतीचा.

ही भीती पुष्कळांना क्षुल्लक वाटते. मूल रडते, चार माणसे त्याला धरतात, दात निघतो, मूल घरी येते आणि विषय संपतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः विषय तेथे संपत नाही. तेथून तो सुरू होतो.

एका दाढेची कहाणी

समजा, दुसरीच्या वर्गातील एका मुलीची खालची दाढ किडली आहे. काळा ठिपका आईच्या नजरेस पडतो. "दुधाचाच दात आहे, आज ना उद्या पडणारच," असे म्हणून तो सोडून दिला जातो. काही महिन्यांनी थंड पाण्याने कळ येऊ लागते. मग लवंगेच्या तेलाचा बोळा, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी असे उपाय होतात. कळ थांबते, कारण दातातील शीर मरते. पण कीड थांबत नाही. अखेर एका रात्री गाल सुजतो. मुलगी रात्रभर तळमळते. सकाळी ती उपाशीपोटी, रडवेली, अर्धवट झोपेत एस.टी.ने बारामतीस किंवा इंदापुरास नेली जाते. वाटेत तिला सांगण्यात येते, "काही करणार नाहीत, नुसतं बघणार आहेत." आणि दवाखान्यात तिला खुर्चीवर दाबून धरून सुई दिली जाते व दाढ काढली जाते.

या एका दिवसात त्या मुलीने तीन गोष्टी शिकलेल्या असतात. पहिली, दंतवैद्याकडे जाणे म्हणजे वेदना. दुसरी, तेथे रडून-ओरडून उपयोग नसतो, आपले कोणी ऐकत नाही. आणि तिसरी, सर्वांत अनिष्ट गोष्ट म्हणजे, आई-वडील अशा वेळी खरे बोलत नाहीत.

यापुढे ती आपण होऊन दातांच्या डॉक्टरकडे जाणार नाही. दात दुखला तरी लपवील. मोठेपणी दुखणे असह्य होईल तेव्हाच जाईल, आणि तोपर्यंत दात काढण्यावाचून दुसरा इलाज उरलेला नसल्याने तिची भीती खरीच ठरेल. उशिरामुळे वेदना, वेदनेमुळे भीती आणि भीतीमुळे पुन्हा उशीर असे हे चक्र आहे. पुढे तीच आई होते आणि आपली भीती कडेवरच्या मुलाच्या हवाली करते.

याची किंमत केवळ दातांत मोजावयाची नसते. तंबाखू, मिश्री आणि गुटखा यांचे व्यसन ग्रामीण भागात किती खोल रुजले आहे, हे सर्वश्रुत आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. तरी व्यसन निर्मूल झालेले नाही. मुखाचा कर्करोग हा भारतातील पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक होय. तोंडातील पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम वेळीच दाखविली तर हा रोग आरंभीच ओळखता येतो. परंतु ज्याने लहानपणापासून तोंड उघडून दाखविण्याची धास्ती घेतली आहे, तो चाळिसाव्या वर्षी तोंड दाखविण्यास येईल कसा? बालवयातील भीती अशा रीतीने प्रौढ वयात जिवावर बेतू शकते.

भीती येते कोठून?

दंतवैद्याची भीती कोणतेही मूल जन्मतः घेऊन येत नाही. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅकमन यांनी १९७७ साली माणसाच्या मनात भीती शिरण्याच्या तीन वाटा सांगितल्या : स्वतःचा अनुभव, दुसऱ्याला घाबरताना पाहणे आणि कानांवर पडलेल्या गोष्टी. गावातील घराघरांत या तिन्ही वाटा उघड्या असतात.

स्वानुभवाची वाट वरील उदाहरणात दिसलीच. दुसरी वाट पाहण्याची. खुर्चीवर मूल बसते, पण त्याचे डोळे आईच्या चेहऱ्यावर असतात. आईने पदर तोंडाशी नेला, वडिलांनी मान फिरविली की मुलाला समजते, येथे काही भयंकर होणार आहे. तिसरी वाट ऐकण्याची, आणि सर्वांत वर्दळीची हीच. "जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचील," ही धमकी न ऐकलेले मूल विरळाच. आजोबा ओसरीवर बसून आपली दाढ कशी काढली, किती रक्त गेले, दोघांनी कसे धरून ठेवले होते, याचे रसभरित वर्णन करतात. त्यांचा हेतू करमणुकीचा असतो. परंतु कोपऱ्यात बसलेला नातू ते सर्व मनात साठवीत असतो.

यातून एक आशादायक निष्कर्षही निघतो. जी भीती शिकविली जाते, ती न शिकविणे शक्य आहे. ज्या मुलाने वेदनेपूर्वी दोन-तीन वेळा दंतवैद्याकडे सुखाने जाऊन दात दाखविले आहेत, त्याला पुढे एखाद्या वेळी दुखले तरी ते सहसा कायमचे भ्यायलेले राहत नाही. आधीचे चांगले अनुभव त्याच्या पाठीशी उभे असतात. म्हणूनच या साऱ्या विवेचनाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर ते असे : मुलाची दंतवैद्याशी पहिली भेट दात दुखण्यापूर्वी झाली पाहिजे.

ही भेट पहिला दात आल्यानंतर, शक्यतो वर्षाच्या आत व्हावी, असे बालदंतवैद्यक शास्त्र सांगते. ते न जमल्यास शाळेत नाव घालताना तरी व्हावी. त्या भेटीत काही करावयाचे नसते. दंतवैद्याने आरशाने दात पाहावेत, मोजावेत आणि मुलाने खुर्ची वर-खाली होते याची गंमत अनुभवावी, एवढेच.

दुधाच्या दातांविषयीचा गैरसमजही येथेच दूर केला पाहिजे. दुधाचे दात वीस. ते साधारण सहाव्या महिन्यापासून येऊ लागतात आणि अडीच वर्षांच्या सुमारास पूर्ण होतात. त्यांतील दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्या अकाली गेल्या तर शेजारचे दात जागा सोडून सरकतात आणि खालून येणारे कायमचे दात वेडेवाकडे येतात. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांमागे येणारी दाढ तर कायमचीच असते. पण तिलाही दुधाची समजून पुष्कळ घरांत दुर्लक्षिले जाते.

सांगा, दाखवा, मग करा

मुलाची भीती कशी हाताळावी, याविषयी दंतवैद्यकात बराच विचार झालेला आहे. अमेरिकेतील दंतवैद्य हॅरॉल्ड अ‍ॅडलस्टन यांनी १९५९ साली मांडलेली एक साधी रीत आजही बालदंतवैद्यकाचा पाया मानली जाते. "सांगा, दाखवा, मग करा" हे तिचे सूत्र. प्रथम मुलाला समजेल अशा शब्दांत काय करणार ते सांगावयाचे. मग ते उपकरण त्याच्या हाताला किंवा नखाला लावून दाखवावयाचे. आणि त्यानंतरच तोंडात वापरावयाचे. वाऱ्याची नळी तळहातावर फुंकून दाखविली, फिरणारा ब्रश नखावर फिरविला की अनोळखी वस्तू ओळखीची होते. अनोळखीपणा गेला की निम्मी भीती गेली.

दुसरी रीत खुणेची. काम सुरू करण्यापूर्वी दंतवैद्याने मुलाला सांगावे, "थांबावंसं वाटलं तर डावा हात वर कर, मी थांबेन." आणि हात वर होताच खरोखरच थांबावे. ही खूण मिळाली की मूल तिचा क्वचितच गैरवापर करते. आपल्या हाती काहीतरी आहे, ही जाणीवच त्याला पुरेशी होते.

तिसरी रीत लक्ष दुसरीकडे वळविण्याची. उघड्या तोंडाने बोलता येत नाही; परंतु मनात पाढे म्हणता येतात, छतावरच्या पंख्याची पाती मोजता येतात, पोट फुगवून सावकाश श्वास घेता येतो. भजनात बसणाऱ्या मुलाला मनातल्या मनात टाळाचा ठेका धरावयास सांगितले तर तोही उपयोगी पडतो.

उपचारांचे स्वरूपही पूर्वीचे राहिलेले नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास टांझानियात, जेथे वीज आणि यंत्रे यांची वानवा होती, तेथे यो फ्रेंकेन या डच दंतवैद्यांनी केवळ हातातील अवजारांनी कीड खरवडून दात भरण्याची पद्धत विकसित केली. यंत्राचा घरघराट नाही, पुष्कळदा सुईही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली आरोग्यदिनाचा विषय म्हणून मुखारोग्य निवडले, त्या वेळी या पद्धतीचा पुरस्कार केला. चांदीयुक्त फ्लोराईडचे द्रावण किडलेल्या जागी लावून कीड रोखण्याचा उपायही आता मान्य झालेला असून, २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश झाला. त्याने किडलेली जागा काळी पडते, हे पालकांना आधी सांगावे लागते. पण सुई आणि यंत्र दोन्ही टळतात. मात्र हे सौम्य उपाय कीड खोलवर जाण्यापूर्वीच लागू पडतात. जो लवकर येतो त्याला कमी दुखते, हे तत्त्व येथेही खरे ठरते.

घरातील मंडळींनी काय करावे?

पहिली गोष्ट, डॉक्टर आणि सुई यांचा बागुलबुवा करणे आजपासून बंद करावे. दुसरी, खोटे आश्वासन देऊ नये. "अजिबात दुखणार नाही" असे म्हणण्याऐवजी "आधी डॉक्टर दात मोजतील, औषध देताना थोडं टोचल्यासारखं वाटेल, मग ओठ जड होईल, काही कळलं नाही तर विचार," असे सांगावे. आठ दिवस आधीपासून चर्चा करून मुलाची चिंता वाढविण्याचेही कारण नाही. लहान मुलाला आदल्या दिवशी साध्या शब्दांत सांगितले तरी पुरते.

तिसरी गोष्ट वेळेची. शक्यतो सकाळची वेळ घ्यावी. मूल न्याहारी केलेले आणि झोप झालेले असावे. भूल देऊन शस्त्रक्रिया करावयाची असेल तर मात्र उपाशी ठेवण्याविषयी डॉक्टर सांगतील तसेच करावे. चौथी गोष्ट सोबत कोण जाणार याची. आईला स्वतःलाच दंतवैद्याची धास्ती असेल तर आत्या, मावशी, आजोबा यांपैकी जे शांत स्वभावाचे असेल त्याने जावे. यात आईला कमीपणा नाही.

पाचवी गोष्ट नंतरची. रडल्याबद्दल हसू नये, भावंडांसमोर टर उडवू नये. "शहाणा मुलगा" असे मोघम म्हणण्यापेक्षा "तू किती वेळ तोंड उघडं धरलंस!" असे नेमके कौतुक करावे. बक्षीस द्यावयाचे तर रंगीत खडू द्यावेत, चेंडू द्यावा; गोळ्या-चॉकलेट देऊन किडीलाच बक्षीस देऊ नये. बधिर झालेला ओठ मूल नकळत चावते आणि जखम होते. म्हणून बधिरपणा उतरेपर्यंत त्याच्याकडे लक्ष ठेवावे व खाण्यास देऊ नये.

मूल फारच घाबरले आणि दुखणे तातडीचे नसले, तर त्या दिवशी परत येणे हा पराभव नव्हे. पुढच्या वेळी एक पाऊल पुढे टाकता येते. परंतु चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड उघडण्यास किंवा गिळण्यास त्रास अशी लक्षणे असतील तर थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दिव्यांग बालकांसाठी किंवा कोणत्याच उपायाने न धजणाऱ्या मुलांसाठी मोठ्या रुग्णालयांत गुंगीचे औषध वा पूर्ण भूल देऊन तज्ज्ञांकडून उपचार करण्याची सोय असते.

शाळा आणि पंचायत यांचा वाटा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातील प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला, ही या राज्यास भूषणावह गोष्ट होय. या कार्यक्रमाखाली फिरती वैद्यकीय पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांची वर्षातून एकदा तपासणी करतात. तपासावयाच्या विकारांत दंतक्षयाचा समावेश आहे आणि पुढील उपचार विनामूल्य होतात. ३० मे २०२३ रोजी राज्य शासनाने "स्वच्छ मुख अभियान" सुरू केले आणि क्रिकेटपटू सचिन तेंडुलकर यांनी त्याचे सदिच्छादूतपद स्वीकारले. व्यवस्था आहे, योजना आहे. साखळी तुटण्याचा धोका असतो तो दुसऱ्याच ठिकाणी : पथकाने दिलेली संदर्भ-चिठ्ठी मुलाच्या दप्तरातच राहते. दात दुखत नाही, मजुरीचा दिवस बुडतो आणि मूल घाबरते, ही तीन कारणे चिठ्ठीच्या आड येतात.

यावर उपाय गावाच्या आवाक्यातील आहे. तपासणीच्या आठवडाभर आधी शिक्षकांनी पहिली-दुसरीच्या वर्गांत "दवाखाना-दवाखाना" हा खेळ घ्यावा. एका मुलाने डॉक्टर व्हावे, दुसऱ्याने खुर्चीवर बसावे, आरशाने दात मोजावेत आणि हात वर केल्यावर थांबावे. घाबरणाऱ्या मुलाला आधी डॉक्टरची भूमिका द्यावी. पथक येईल त्या दिवशी धीट मुलांपासून तपासणी सुरू करावी, म्हणजे मागच्यांना पाहून धीर येतो. भीती जशी पाहून लागते, तसा धीरही पाहूनच येतो. कोणत्या मुलाला विशेष भीती वाटते, हे शिक्षकांनी पथकास आधी कानांत सांगावे.

संदर्भ-चिठ्ठी मिळालेल्या मुलांना एकेकटे न पाठविता गटाने न्यावे. ग्रामपंचायतीने महिला व बालकल्याणासाठी राखलेल्या निधीचा विचार करून किंवा ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीमार्फत वर्षातून दोन-तीनदा वाहनाची सोय केली, सोबत एक शिक्षक व आशा सेविका दिली, तर पालकांची मजुरी बुडत नाही आणि मुलांना सोबत्यांचा आधार मिळतो. मात्र पालकांची लेखी संमती आधी घ्यावी व लहान मुलाबरोबर घरचे एक माणूस असावे. कोणास पाठविले, कोण जाऊन आले आणि कोण राहिले, याची साधी नोंदवही मुख्याध्यापकांनी ठेवावी आणि ती ग्रामसभेत वाचली जावी. मुलांची नावे न घेता, केवळ संख्या.

हंगामात ऊसतोडीसाठी परजिल्ह्यांतून येणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचा विसर पडता कामा नये. चार-पाच महिने ती येथे असतात आणि तपासणीच्या दिवशी नेमकी फडावर असतात. पथकाची तारीख ठरविताना त्यांच्या कोपींपर्यंत निरोप पोहोचेल, एवढे पंचायतीने पाहावे.

घरोघरी पाळावयाचे नियम थोडेच आहेत. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराईडयुक्त पेस्टने दात घासावेत; तीन वर्षांखालील बालकास तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने स्वतः लक्ष द्यावे. रात्री दात घासल्यावर पाण्यावाचून काही देऊ नये. जी आई रोज रात्री मुलाचे तोंड उघडून दात पाहते, तिच्या मुलाला दंतवैद्यापुढे तोंड उघडणे नवलाचे वाटत नाही. भीतीवरचा पहिला उपाय अशा रीतीने घरातच होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील ५१ कोटींहून अधिक बालकांचे दुधाचे दात किडलेले आहेत. एवढ्या मोठ्या प्रश्नापुढे एका गावाने काय करावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भीतीचे निवारण कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही आणि ते राजधानीतून पाठविताही येत नाही. ते आईच्या शब्दांत, शिक्षकाच्या खेळात आणि पंचायतीने वेळेवर उभ्या केलेल्या वाहनात असते. अंथुर्णे आणि त्यासारख्या प्रत्येक गावाने एवढाच संकल्प करावा की येत्या वर्षी पहिलीत नाव घातलेले प्रत्येक मूल, दात दुखत नसताना, हसतखेळत एकदा तरी दंतवैद्याला भेटून येईल. या एका भेटीचा खर्च अल्प आहे. तिचा लाभ मात्र त्या मुलास जन्मभर आणि त्याच्या मुलांसही होणार आहे.